गुलाबी गोळी

जळगाव, मंगळवार दुपार

प्रिय अक्का,

पाया पडते. हे पत्र हिलालच्या हातात देते आहे. तो केळीचा ट्रक घेऊन धुळ्याकडे निघालाय आणि पारोळ्याला तुमच्या सासरच्या दारात थांबूनच पुढे जाणार आहे. त्याला बजावलंय की अक्कांनी पाकीट फोडलं, वाचायला घेतलं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघ आणि मगच गाडी हलव. तेव्हा न वाचताच उशीखाली सरकवायचा विचार असेल तर त्या बिचाऱ्याची केळी उन्हात पिकून जातील, एवढं लक्षात ठेवा. दुसरा मार्गच तुम्ही ठेवला नाहीत. तुमचा फोन यावलला देवघराच्या फळीवर पडून आहे. तिथे प्रेमराजला रोज फोन लावते आणि तुमचा पुतण्या असून तोही रोज एखाद्या अपराध्यासारखा तेच सांगतो, "काकू फोन हातमा लेस नही." म्हणून आज इथे लेकीच्या घरी डिंपलच्या मुलीच्या वहीची मधली पानं काढली आणि बसले. बारावीच्या परीक्षेनंतर एवढं लांबलचक मी काही लिहिलेलं नाही. चुका काढू नका.

आधी तुमच्या भावाचं सांगते, कारण तुम्ही वाचायला घेतलंत तर नजर तेच शोधत असणार. उजवा साखरेने कधीच गेलाय; डावा डोळा अजून आहे, पण रोज थोडा थोडा जातो आहे. गेल्या आठवड्यापर्यंत डिंपलच्या गॅलरीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसायची. आता तिथे काहीतरी आहे एवढंच कळतं, काळं की निळं ते सांगता येत नाही. डोळा पुढे आलाय. नात घाबरते म्हणून घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसतात. मी म्हटलं, या वयात हिरो व्हायची हौस आली का, तर हसलेसुद्धा नाहीत. नाक तर पार बुजलंय. तोंडाने श्वास घेतात आणि घास गिळताना गुदमरतात. शुक्रवारी सकाळी ऑपरेशन धरलंय. हा शुक्रवार गेला तर पुढची तारीख मिळेल, पण तोवर डोळा राहणार नाही, असं किरण डॉक्टरांनी काल मला आणि लेकाला, हितेंद्रला, समोर बसवून सांगितलं. बुरशी डोळ्यावरच थांबेल, मेंदूकडे जाणार नाही, याचीही हमी कोणी देत नाही. मी तुम्हाला खोटा धीर देत नाही अक्का, मला स्वतःलाच तो कुठून आणायचा ते कळत नाही.

आता जे सांगते ते तुम्हाला कोणी नीट सांगितलंच नव्हतं, हे माझ्या परवा लक्षात आलं. पहिल्यांदा आम्ही दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर ह्यांच्या डोक्याचे फोटो दाखवले. खुर्च्या दोनच होत्या. हितेंद्र बसला, मी बसले, आणि तुम्ही दाराशी पिशव्या सांभाळत उभ्या राहिलात. डॉक्टर बोलले ते सगळं आमच्याकडे बघून. बाहेर आल्यावर हितेंद्रने तुम्हाला एवढंच सांगितलं की आत्या, ती गुलाबी गोळी आता बंद करायची. का बंद करायची ते त्याने सांगितलं नाही. तुम्हाला ते कळेल असं त्याला वाटलं नाही, आणि मला वाटलं की त्याने सांगितलं असेल. घरात माणसं दाटीवाटीने राहिली की असंच होतं, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलं असेल.

तर ऐका. नाकाच्या आत, गालफडाच्या मागे आणि दोन डोळ्यांच्या मध्ये हाडाच्या पोकळ्या असतात. साखरेच्या दुखण्यामुळे ह्यांच्या त्या पोकळ्यांत बुरशी माजली आणि तिच्याभोवती मांस वाढलं. डोळा आणि नाक यांच्यामध्ये हाडाची एक भिंत असते, अगदी कागदाइतकी पातळ. ती ह्यांची झिजली आहे. ऑपरेशन बाहेरून कापून करत नाहीत. नाकातूनच एक बारीक दुर्बीण आत घालतात आणि पडद्यावर बघत बघत बुरशी काढतात. जागा एवढी अरुंद की करंगळीसुद्धा जायची नाही. तिथे थोडंसं जरी रक्त आलं की दुर्बिणीची काच लाल होते आणि डॉक्टरला काहीच दिसत नाही. भिंतीच्या एका बाजूला डोळा, वर मेंदू, आणि हातात धारदार हत्यार. म्हणून त्यांची सगळी धडपड रक्त कमी यावं यासाठी असते. आधी आठवडाभर सूज उतरवायच्या गोळ्या देतात. टेबलावर डोक्याकडची बाजू उंच ठेवतात. औषधात भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या नाकात भरून ठेवतात, म्हणजे आतल्या शिरा आकसतात. भूल देणाऱ्या चारुलता मॅडम सगळा वेळ प्रेशर मुद्दाम खाली धरून ठेवतात. आणि ह्या सगळ्याच्या आधी, रक्त पातळ करायची गोळी बंद. एवढं सोपं होतं ते. तुम्हाला खुर्चीवर बसवून कोणी सांगितलं असतं तर माझ्याआधी तुम्हालाच समजलं असतं.

उलट धुळ्याच्या डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं, आणि समोर बसवून सांगितलं होतं. प्रेमराजच्या मुलीचं लग्न आठवा. मी इकडे यावलला केळीच्या कापणीत अडकले म्हणून तुम्ही दोघं बहीणभाऊ पुढे गेलात, आणि हळदीच्या मांडवात ह्यांच्या छातीत कळ आली. गाडीत त्यांचं डोकं तुमच्या मांडीवर होतं. आम्ही धुळ्याला पोचेपर्यंत छातीत जाळी बसवून झाली होती आणि तुम्ही हळदीने भरलेल्या लुगड्यातच बाकावर बसला होतात. त्या डॉक्टरांनी तुम्हाला एकटीलाच बोलावून सांगितलं की आजी, ही गुलाबी गोळी एक दिवस जरी चुकली तरी जाळीत रक्त गोठेल आणि माणूस हातातून जाईल. त्या दिवसापासून ती गोळी तुमची झाली. रात्री जेवण झालं की तुम्ही ती त्यांच्या तळहातावर ठेवायची, पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि तोंड उघडून दाखव म्हणायचं. साठीला आलेला माणूस जीभ बाहेर काढून बहिणीला दाखवतोय, हे बघून मी कितीदा तोंडाला पदर लावून हसले असेन. जळायचेही, हे तुम्हाला माहीत आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्यांच्या ताटात काय वाढायचं ते तुम्ही ठरवत आलात. वांग्याच्या भरतात मिरची किती घालायची यावरून आपलं जेवढं बोलणं झालं तेवढं माझं नवऱ्याशी झालं नसेल. पण त्यांची आई ते रांगत असताना गेली आणि त्यांना वाढवलं तुम्ही, तुम्ही स्वतः तेव्हा परकरात होतात. तुमची सत्ता मी मानली ती त्यासाठी.

म्हणून मी तुम्हाला समजू शकते, आणि तरी मला तुमचा राग आला होता. अजूनही आहे. खोटं कशाला लिहू? सगळ्यांसमोर हो म्हणायचं, आणि मग स्वयंपाकघरात पाठ करून गोळी कुटून दुधात घालायची. पाच दिवस. आम्हाला वाटत होतं गोळी बंद आहे, तुम्हाला वाटत होतं आम्ही सगळे मिळून त्यांना मारायला निघालो आहोत. एकदा मला विचारायचं तरी होतं. भांडायचं होतं माझ्याशी, एवढं छान भांडता येतं तुम्हाला.

पहिल्या ऑपरेशनच्या त्या सकाळचं पुन्हा लिहिते, कारण तुम्ही त्यातलं तुम्हाला लागलं तेवढंच बरोबर घेऊन गेला असाल. दोन तास लागतील म्हटलं होतं आणि अर्ध्या तासातच किरण डॉक्टर बाहेर आले. टोपी काढली आणि आमच्या बाकावरच येऊन बसले. म्हणाले, रक्त थांबतच नाही, ओढून काढतोय तर पुन्हा भरतंय. न दिसता हात चालवला असता तर डोळा मीच फोडला असता, म्हणून नाकात बोळे घालून थांबलो. गोळी नक्की बंद होती का, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. हितेंद्र ताडकन उठला. आम्ही खोटं बोलतो का, तुम्हाला येत नाही म्हणून आमच्यावर ढकलता का, असं काय काय तो बोलला. तोवर यावलहून आलेली भाऊबंदांची पोरं आत घुसली होती. कोणी मोबाइल काढून व्हिडिओ घ्यायला लागलं, कोणी काचेच्या दारावर हात आपटला. डॉक्टर तरुण आहेत, आपल्या हितेंद्रपेक्षा चारदोन वर्षांनी मोठे असतील. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. आणि तेव्हा कोपऱ्यातून तुम्ही पुढे आलात आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "त्याले काही म्हनू नका. गोळी मी दिली. दुधातून."

तुम्ही गप्प बसला असतात तर कोणाला कळलं नसतं अक्का. कधीच कळलं नसतं. मार डॉक्टरांना बसला असता, दवाखान्याच्या काचा फुटल्या असत्या, आणि गावात सगळे म्हणाले असते की जळगावच्या डॉक्टरने कौतिकभाऊंचं वाटोळं केलं. मग दुसऱ्या कोणत्या डॉक्टरने ह्यांना हात लावला असता? हा डॉक्टर अजूनही आपला आहे, रोज स्वतःहून फोन करून चौकशी करतो, ते तुमच्या त्या एका वाक्यामुळे. हे मी हितेंद्रला सांगितलं तेव्हा तो ओंजळीत तोंड धरून बसला. कारण त्याने तुम्हाला तिथेच, त्या गर्दीत, म्हटलं होतं, "तुम्ही माझ्या बापाला आंधळं केलं." ते त्याला आता झोपू देत नाही. तुमच्या कडेवर मोठा झालेला मुलगा आहे तो. मी त्याला तिथल्या तिथे अडवायला हवं होतं, अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून बघते तर तुम्ही पारोळ्याच्या गाडीत बसून गेलेल्या. नवरा जाऊन चाळीस वर्षं झाली, सासरी दोन लुगडी घेऊन परत जायची ही वेळ होती का?

ह्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. नाकात बोळे, तोंड सुजलेलं, भूल उतरत होती, तेव्हा सांगणार काय? शुद्धीवर आल्यावर पहिल्यांदा खुणेने विचारलं ते तुमच्याबद्दल. मी म्हटलं, अक्का यावलला घर बघायला गेल्या, गाय व्यायला झालीय. मग रोज तोच प्रश्न आणि रोज माझी नवी थाप. गाय व्याली, कालवड झाली, कालवडीला जुलाब लागले. एवढी मोठी गोष्ट रचली की शेवटी मलाच ती कालवड दिसायला लागली. ते ऐकून घ्यायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. गुलाबी गोळी पुन्हा चालू केली होती, कारण छातीचंही बघायला हवं. डोळा तेवढ्यात आणखी पुढे आला. मग धुळ्याच्या डॉक्टरांशी किरण डॉक्टर स्वतः फोनवर बोलले. त्यांनी सांगितलं की रक्त पातळ ठेवायची दुसरी लहान गोळी चालू ठेवा, गुलाबी तेवढी बंद करा, पण फार दिवस नाही. त्याप्रमाणे बंद केली आणि मागच्या शनिवारची तारीख धरली.

आदल्या दिवशी, शुक्रवारी संध्याकाळी, हितेंद्र आला आणि वडिलांच्या पायाशी बसून त्याने सगळं सांगून टाकलं. दूध, गोळी, तो काय बोलला ते, आणि तुम्ही पारोळ्याला जाऊन बसला आहात तेही. मी दारातून खुणा करत होते की गप्प बस, उद्या ऑपरेशन आहे. पण त्याला ते पोटात ठेवून बापाला आत पाठवायचं नव्हतं. हे शेवटपर्यंत ऐकत राहिले. त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसून राहिले. मला वाटलं, चला, निभावलं.

शनिवारी सकाळी टेबलावर घेतलं आणि प्रेशर दोनशेच्या वर. चारुलता मॅडमनी वाट बघितली, औषध दिलं, पुन्हा बघितलं, उतरेना. त्या बाहेर येऊन मला म्हणाल्या की असं चढलेलं प्रेशर मी औषधांनी ओढून खाली आणलं तर जाळी बसवलेलं हृदय ते सोसणार नाही. आणि वर ठेवलं तर आत पुन्हा रक्तच रक्त. मी भूल देणार नाही. मग माझा हात धरून त्यांनी विचारलं की ह्यांच्या मनात काय आहे, कशाला घाबरलेत एवढे? मी म्हटलं, ऑपरेशनला. दुसरं काय सांगणार? त्यांनी प्रेशरच्या दोन नव्या गोळ्या लिहून दिल्या, सुजेच्या गोळ्या पुढे चालू ठेवल्या आणि शुक्रवार दिला. धुळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं की शुक्रवारच्या पुढे गुलाबी गोळी बंद ठेवायची जोखीम मी घेणार नाही, काही झालं तरी शनिवारी सकाळी ती पोटात गेली पाहिजे. म्हणजे आता दोन्ही बाजूंनी बांधले गेलोय. शुक्रवारच्या आत प्रेशर उतरायला हवं, नाहीतर डोळा गेला. आणि दिवस वाढवले तर माणूस गेला.

गोळ्या वेळेवर देत होते. माझ्या हाताने देत होते. तरी मशीन लावलं की आकडा तिथेच. डिंपलने मीठ बंद केलं, टीव्हीवरच्या बातम्या बंद केल्या, नातीला शेजारी धाडलं. काल दुपारी गॅलरीत कपडे काढायला गेले तर मोगऱ्याच्या कुंडीत काहीतरी पांढरं दिसलं. माती उकरली. सगळ्या गोळ्या तिथे. प्रेशरच्या, सुजेच्या, शनिवारपासूनच्या सगळ्या. गालात धरून ठेवायचे आणि चूळ भरायला म्हणून गॅलरीत यायचे. त्या झाडाचं प्रेशर उतरलं असेल, ह्यांचं कसं उतरणार? मी खूप बोलले अक्का. रडले, पाया पडले, नातीच्या लग्नाचं काढलं, मला एकटीला टाकून जायचं का म्हणून विचारलं. हितेंद्रने हात जोडले. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "नको मले." एवढंच. कारण सांगेनात.

आज सकाळी मी काय केलं ते आता लिहिते, आणि त्यासाठीच हे पत्र आहे. डिंपल आंघोळीला गेली होती. मी तिचा खलबत्ता घेतला आणि प्रेशरची गोळी त्यात टाकली. कुटली, दुधात घातली, साखरेची बंदी असूनही वर चमचाभर साखर घातली आणि ढवळत उभी राहिले. तेव्हा तुमचा मला राग येत नव्हता, एवढं लिहिते. पेला त्यांच्या हातात दिला. एक घोट घेतला आणि त्यांनी पेला खाली ठेवला. चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिले, त्या अर्ध्या डोळ्याने. मग म्हणाले, "अक्काच्या दुधालेबी अशीच कडू चव होती. मले पहिल्याच दिवशी कळलं व. ती भ्याली होती, म्हनून मी प्यालो." ऐकलंत का अक्का? त्यांना माहीत होतं. पाचही दिवस माहीत होतं. तुम्ही पाठ करून कुटत होतात आणि तुमचा भाऊ बाहेर पाटावर बसून त्या दुधाची वाट बघत होता. गोळी थांबली तर छाती थांबेल ही भीती त्यांनाही होती, आणि आमच्यासमोर ती कबूल करायची लाज. तुम्ही देताय तर बरंच आहे, असं म्हणून ते प्यायले. आणि मग ते भूल देऊन आत पडले असताना बाहेर गर्दीत सगळा दोष तुम्ही एकट्या घेऊन गेलात. गेल्या शुक्रवारी हितेंद्रकडून ते कळलं तेव्हापासून प्रेशर चढलंय ते उतरत नाही, दुसरं काही कारण नाही. मी विचारलं, मग आता काय करू, तर म्हणाले, "तिले बोलाव. ती तोंड दाखवनार नई तोवर एकबी गोळी पोटात जानार नई." तुम्ही त्यांना आंधळं केलेलं नाही अक्का. पण आला नाहीत तर मात्र ते होतील. उद्या सकाळची पहिली धुळे-जळगाव गाडी धरा, हितेंद्र स्टँडवर उभा असेल. तो काही बोलणार नाही, तुमची पिशवी घेईल. आमच्या सगळ्यांच्या देखत, उजेडात, गोळ्या त्यांच्या तळहातावर तुम्ही ठेवा. मॅडम म्हणतात, उद्यापासून जरी पोटात गेल्या तरी शुक्रवारपर्यंत प्रेशर धरता येईल. हे पत्र ट्रकवर दिलं की मी आत जाणार आहे आणि त्यांना सांगणार आहे की अक्का निघाल्या. त्यांना बरं वाटेल, आजची रात्र झोपतील, कदाचित संध्याकाळी आकडाही थोडा खाली आलेला असेल. ह्या एका दुखण्यापायी आपल्या घरात पुष्कळ खोटं बोलून झालं, त्यातलं हे माझं शेवटचं. ते खरं करणं तुमच्या हातात आहे. या.

तुमचीच भांडखोर भावजय,
कुंदा